जावईबापूंची लेव्हल पट्टी

लॉनवर लग्न लावणाऱ्या माणसांना गवताशी काही देणंघेणं नसतं. हे मी कुठं वाचलेलं नाही, बीड बायपासवरच्या एका लॉन्सचा मॅनेजर म्हणून पाच वर्षं उभं राहून बघितलंय. कमानीला प्लास्टिकची फुलं, आत शिरलं की सिमेंटचा धबधबा, धबधब्याशेजारी सोंड वर केलेला सिमेंटचाच हत्ती, आणि मधे एकरभर हिरवळ. त्या हिरवळीत लोक पनीर सांडतात. नवरीच्या मैत्रिणी टोकदार टाचांनी भोकं पाडत फिरतात. एखादे काका खुर्चीखाली पानाची पिंक टाकतात आणि वरून चप्पल घासतात. जाताना हेच लोक मालकाचा हात धरून म्हणतात, "नाना, लॉन लई भारी ठेवलं राव." मान खाली घालून एकानंही बघितलेलं नसतं.

म्हणून आमच्या हिरवळीवर पट्टे उमटले तेव्हा ते कितीतरी दिवस कुणाला दिसलेच नाहीत. दिसले ते आभाळातून. आता ड्रोन उडाल्याशिवाय लग्न लागलं असं लोक धरतच नाहीत. तसल्याच एका लग्नाचा व्हिडिओ फिरत फिरत आमच्या मालकांच्या, म्हणजे नानांच्या मोबाईलवर आला. त्यात नवरा-नवरी मुंगीएवढे, मांडव काडेपेटीएवढा, आणि भोवती आमची हिरवळ: एक पट्टा गडद, एक फिका, परत गडद, परत फिका. कुणी तरी शहागंजच्या बाजारातून सतरंजी आणून अंथरल्यासारखी.

नानांनी मला ऑफिसात बोलावलं आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय हाय?"

"पट्टे दिसतायत, नाना."

"मला बी दिसतेत, डोळे हायत मला. न्हाव्यानं अर्धी हजामत करून पळून जावं तसं दिसाया लागलंय. अन् पुढच्या शुक्रवारी माझ्या पुतणीचं लग्न इथंच हाय. पोराकडचे चार ड्रोन आननार हायत. चार! कोनाचं काम हे?"

नानांच्या शेजारी खुर्चीत त्यांचे धाकटे जावई बसलेले होते, आणि ते कधीच गप्प बसत नाहीत.

"ऑपरेटर एरर," ते म्हणाले. "चाचांचा हात बघितलाय का कुणी? चहा बशीत ओततात तेव्हा अर्धा टेबलावर जातो."

चाचा म्हणजे आमचा गवत कापायचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस. वय साठीच्या पुढं, घर शहागंजच्या मागच्या गल्लीत. उमेदीत त्यांनी शेतीचे मोठे ट्रॅक्टर खोलून परत जोडले होते, गावोगावचे. आता उतारवयात हा छोटा सांभाळत होते. बंद पडलेल्या एका हॉटेलच्या लिलावातून नानांनी तो आणला होता. माणूस वर बसतो, आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली पत्र्याचा पसरट डबा उपडा टांगलेला असतो, साडेतीन फूट रुंद. त्याला डेक म्हणतात. डेकच्या आत दोन पाती फिरतात, तीच गवत कापतात. हा डेक चार सळयांवर लोंबकळतो. सळयांचे नट फिरवले की डेकची कुठलीही बाजू वर घेता येते, खाली सोडता येते. कापणी एकसारखी यायची की नाही हे सगळं त्या चार नटांवर असतं, आणि आमच्याकडं त्या चार नटांवर जावईबापूंनी पिवळा ऑइलपेंट फासून ठेवला होता.

ते असं झालं होतं. दिवाळीनंतर, लग्नाचा सीझन सुरू व्हायच्या आधी, चाचांनी डेक खाली उतरवून धुतला, आतला चिकटलेला गवताचा थर खरडून काढला, पात्यांना धार लावली आणि परत टांगला. आता नट बसवायचे तेवढ्यात जावईबापू ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आले. हे सिव्हिल इंजिनिअर. नोकरी पुण्यात असते म्हणतात, पण माणूस मात्र नेहमी सासरवाडीत सापडतो. त्यांनी गाडीतून गवंडी वापरतात ती लेव्हल पट्टी काढली, मधे काचेच्या नळीत बुडबुडा असतो ती. ती डेकवर आधी आडवी, मग उभी ठेवली आणि चाचांना नट फिरवायला लावले. बुडबुडा मधोमध आल्यावर म्हणाले, "बस. परफेक्ट."

चाचा म्हणाले, "साब, ज़मीन से नाप लेना पडता. पत्ती के नोक से फरशी तलक."

"चाचा, हे सायन्स आहे," जावईबापू म्हणाले, आणि कुणी नट हलवले तर कळावं म्हणून वरून रंग लावला. मी तिथंच उभा होतो. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. चाचा बरोबर बोलतायत का चूक, याचा एक मिनिट विचार करावा असंसुद्धा मला वाटलं नाही. जावई बोलले म्हणजे संपलं, एवढं त्या घरात पाच वर्षं राबून माझ्याही अंगात भिनलं होतं.

ज्यांना जावई हा प्रकार बाहेरून माहीत आहे त्यांना हे कळायचं नाही. नानांच्या घरी जावईबापू पाटावर बसल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. ते सासऱ्याच्या खुर्चीत बसले तर सासरा बाकड्यावर बसतो. त्यांनी लॉनचं स्वयंपाकघर बांधलं आणि धुरांड्याचं तोंड लग्नाच्या स्टेजकडं काढलं. तेव्हापासून प्रत्येक नवरी जिलेबीच्या धुरात खोकत हार घालते, पण धुरांडं चुकलं असं आजवर कुणी बोललेलं नाही. बोलणार कोण? जावयाचा अपमान केला म्हणजे पोरीचा संसार मोडला. त्यामुळं त्या जागेत काहीही बिघडलं की चूक जावयाला वगळून उरलेल्यांत वाटायची असते. त्या दिवशी ती चाचांच्या वाट्याला आली.

"लेटर दे त्याला," नाना मला म्हणाले. "आठ दिसांचं. पुतणीचं लगीन झालं की त्यो मोकळा. लग्नाआधीच्या कापणीला बी त्याला बसू देऊ नको, जावईबापू दुसरा मानूस बघतील."

लेटर मीच लिहिणार हे उघड होतं. लॉन्सवर शुद्ध मराठी लिहिणारा मी एकटा. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. वडील लष्करी छावणीतल्या बंगल्यांची हिरवळ कापायचे, उकिडवं बसून, विळ्यानं. आई त्याच बंगल्यांतली भांडी घासायची. मी डिग्री घेतली तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता, आणि तिथं मी भाषण केलं होतं की शिकलेल्या माणसानं कुणापुढं मान तुकवू नये. टाळ्या पडल्या होत्या. त्याच मी ऑफिसात बसून लिहिलं: "आपल्या वाढत्या वयामुळे व हातातील कंपामुळे यंत्र चालविताना आपणाकडून वारंवार निष्काळजीपणा होत असल्याचे निदर्शनास आले आहे." निदर्शनास कुणाच्या आलं? कुणाच्याच नाही. पण वाक्य जमलं म्हणून मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही.

नानांनी न वाचता सही केली. चाचांनी कागद घेतला, उलटसुलट बघितला. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी फक्त बोलता येतं.

"क्या लिखे मास्टर?" ते मला मास्टर म्हणायचे, मी कधीच शिकवलेलं नसताना.

"घरी वाचून घ्या, चाचा," मी म्हणालो आणि फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी ते ठरल्या वेळेला आले. रुसले नाहीत, भांडले नाहीत. पाण्याचे पाइप सरकवत होते. मी समोर गेलो तेव्हा म्हणाले, "पोती से पढवाया मैं. आठवीं में है, मराठी फर्राटे से पढती. 'निष्काळजी' कु अटक गयी. पूछी, दादा, इसका मतलब क्या. मैं बोला, बेफिकर. बोली, तुम तो कित्ती फिकर करते." मग त्यांनी पाइपाला आलेली गाठ सोडवली. "बच्ची है. उसकु क्या मालूम."

मला त्या क्षणी राग आला तो चाचांचाच. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

सोमवारी सकाळी मी लवकर गेलो आणि एक काम केलं, जे त्या अख्ख्या जागेत आजवर कुणी केलं नव्हतं. गवत बघितलं. वडील बघायचे तसं: पालथं पडून, गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून. अंगात प्रेस केलेला शर्ट होता. वॉचमन लांबून ओरडला, "साहेब, चक्कर आली का?" मी त्याला हातानंच गप्प केलं.

खालून बघितलं की हिरवळ म्हणजे उतरत्या छपरांची रांग दिसत होती. गवत एका कडेला उंच, मग हळूहळू उतरत दुसऱ्या कडेला ठेंगणं, आणि तिथून परत चढत उंच. ठेंगण्या भागात खालचे पिवळे बुडखे उघडे पडलेले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेघा सरळ होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी धरून आखल्यासारख्या. ज्याचा हात थरथरतो त्याच्या रेघा अशा येतात होय? हात हलला असता तर गवत वाकडं कापलं गेलं असतं, मधे न कापलेल्या गवताच्या मिशा राहिल्या असत्या. इथं तर ट्रॅक्टर जाताना त्याच्या उजव्या बाजूला गवत उंच राहत होतं, आणि वळून येताना परत त्याच्या उजव्याच बाजूला. म्हणून शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांचे उंच काठ एकमेकांना चिकटत होते आणि ठेंगणे काठ एकमेकांना. गडद पट्टा, फिका पट्टा. हे माणसाचं काम नव्हतं. डेकच तिरका होता, उजवीकडं वर.

आणि डेक तर सायन्सनं लेव्हल केलेला!

मी उठून शेडमध्ये गेलो. ट्रॅक्टर नेहमीच्या जागी, उत्तरेला तोंड करून उभा होता. जावईबापूंनी पट्टी लावली तेव्हाही तिथंच होता. मी खालची फरशी बघितली आणि मला स्वतःच्या डिग्रीची लाज वाटली.

नानांनी ही जागा बांधताना इंजिनिअरच्या आधी वास्तुवाला आणला होता. त्यानं सांगितलं, पाणी ईशान्येकडं वाहिलं पाहिजे, म्हणजे भरभराट. म्हणून तिथली प्रत्येक फरशी, मग ती स्वयंपाकघराची असो, जेवणाच्या हॉलची असो की शेडची, ईशान्येला उतार देऊन घातलेली. शेडच्या त्या कोपऱ्यात तर तांब्याचा कलशही बसवलाय. आमच्या घरात वास्तू, मुहूर्त, लिंबूमिरची यांना थारा नाही, त्यामुळं मी या गोष्टी हसून सोडून दिल्या होत्या. नुसतं हसण्यानं काही होत नाही. ती फरशी साडेतीन फुटांत चांगली अर्धा इंच उतरत होती.

दहाच्या सुमारास जावईबापू नाष्टा करून आले. चाचा शेडमध्येच होते. मी विचारलं,

"जावईबापू, डेक तुम्ही इथंच लेव्हल केला ना?"

"हो. का?"

"फरशी सपाट आहे ही?"

"अहो मॅनेजर, मी स्वतः उभं राहून घातलीय ती."

मी नळाखालची बादली उचलली आणि ट्रॅक्टरच्या डाव्या चाकापाशी ओतली. पाणी जराही थांबलं नाही. ट्रॅक्टरच्या पोटाखालून गेलं, उजव्या चाकाला वळसा घातला आणि सरळ कलशापाशी जाऊन मोरीत उतरलं.

"कुठं गेलं पाणी?"

"तो उतार वास्तूसाठी दिलाय," जावईबापू म्हणाले.

"वास्तूसाठी द्या नाहीतर म्हशी धुवायला द्या. पट्टीला कुठं कळतं? ट्रॅक्टर उजवीकडं कललेला उभा होता. तुम्ही बुडबुडा मधोमध आणायला डेकची उजवी बाजू वर खेचली. डेक आभाळाशी सरळ झाला आणि चाकांशी तिरका. गवत कापायचंय कुठं? आभाळात?"

चाचांनी तोंडावर रुमाल धरला. खोकले का हसले, मी विचारलं नाही.

"थिअरीत तुमचं बरोबर आहे," जावईबापू म्हणाले, "पण प्रॅक्टिकली एवढ्यानं काही फरक पडत नसतो." मग त्यांनी खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि 'हां बोला' म्हणत बाहेर गेले. फोन वाजला नव्हता. दोन दिवसांपूर्वी मीही हेच केलं होतं, त्यामुळं मला तो बरोबर ओळखता आला.

"चाचा," मी म्हणालो, "पाना काढा."

"मेरेकु तो हात लगाना मना है. पेंट मारे ना साब."

"पेंट मी खरडतो."

"लेटर दिया सो आदमी कु काम बताते?" ते म्हणाले. पण पाना तोवर त्यांच्या हातात आलेला होता.

आम्ही तिथंच, त्याच उतारावर काम केलं. पहिल्यांदा हवा. मागच्या दोन चाकांत हवा कमीजास्त असली तर पुढचं सगळं झक मारणं आहे. चाचांकडं स्वतःचं मीटर होतं. दोन्ही चाकं सारखी निघाली. मग त्यांनी इंजिनाच्या प्लगची वायर काढून बाजूला बांधली, चुकून सुरू झालं तर बोटं जातील म्हणून. हाताला पोत्याचं फडकं गुंडाळून पाती आडवी फिरवली आणि टोकापासून फरशीपर्यंत टेपनं मोजायला मला सांगितलं. डावीकडं दोन इंच. उजवीकडं अडीचला थोडं जास्त.

"देखे?" चाचा म्हणाले. "फरशी टेढी रहो, सीधी रहो. चक्के जिसपे खडे, नाप उसीच से."

कॉलेजच्या तीन वर्षांत मला कुणी इतकं सोप्या शब्दांत काही शिकवलं नव्हतं.

उजवे नट सैल करत करत दोन्ही बाजू दोन इंचावर आणल्या. मग पाती उभी फिरवून पुढचं आणि मागचं टोक मोजलं. पुढचं टोक मागच्यापेक्षा जरासं खाली पाहिजे, काडेपेटीच्या दोन काड्या एकमेकींवर ठेवल्या तर होईल एवढं; म्हणजे गवत एकदाच कापलं जातं. आमचं पुढचंच वर होतं, म्हणून गवताची टोकं चावल्यासारखी होऊन तांबडी पडत होती. तेही बसवलं. नट घट्ट करताना चाचांचा हात थरथरत होता. पाना नटात शिरला की थांबत होता. स्टीअरिंग धरल्यावरही थांबतो. एवढं बघायला फक्त शेजारी उभं राहावं लागतं.

नानांना मी एवढंच सांगितलं, की लग्नाआधीची कापणी चाचाच करतील, आणि पट्टे दिसले तर माझंही लेटर टाईप करून ठेवतो. "लई बोलाया लागला तू," नाना म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत. जावईबापूंना दुसरा माणूस मिळाला नव्हता, हेही खरं.

मंगळवारी चाचांनी डेक थोडा उंच ठेवून फक्त गडद पट्टे उतरवले, फिके वाढू दिले. गुरुवारी आधीच्या रेघांना आडवी अशी शेवटची कापणी केली. मी परत पालथा पडून बघितलं. छपरं गेली होती. टेबलावर हात फिरवावा तसं गवत.

लग्न झालं. चारही ड्रोन उडाले. एक तर धबधब्यात पडला, त्याचं मला वाईट वाटलं नाही. लोकांनी नेहमीसारखं पनीर सांडलं, आणि जाताना नानांचा हात धरून तेच म्हणाले जे पट्टे होते तेव्हाही म्हणाले होते.

शनिवारी सकाळी चाचांचा आठवा दिवस होता. नाना बाकड्यावर, जावईबापू खुर्चीत, पुढं पोह्यांच्या प्लेटा. नाना मोबाईलवर व्हिडिओ बघत होते, परत परत मागं नेऊन.

"पट्टा नाय एकबी," ते म्हणाले. "मंग आधी काय झालं व्हतं?"

मी सांगायला तोंड उघडलं. सगळं पाठ होतं: उतार, बुडबुडा, अर्धा इंच. जावईबापूंनी पोह्यांतली मिरची शोधायला सुरुवात केली. आणि नानांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला कळलं, यांना सगळं माहीत आहे. वॉचमननं सांगितलं असेल, नाहीतर स्वतःच ताडलं असेल. शेतकरी माणूस, पाणी कुठं वाहतं हे त्याला मी काय शिकवणार. त्यांना माझ्याकडून खरं नको होतं. त्यांना कुणी तरी दुसरा गुन्हेगार पाहिजे होता.

"वास्तूचा तर दोष नाय," नाना सावकाश म्हणाले. "जावईबापूंचा तर नाहीच नाही. चाचानं बी आता चांगलं कापलं. मंग ती पट्टीच खराब आसंल. बुडबुड्याची."

"असू शकतं," जावईबापू लगेच म्हणाले. "आजकाल चायनाचा माल येतो."

"तसं लिहून टाक," नाना मला म्हणाले. "दुसरं लेटर. पट्टी खराब व्हती, म्हनून चाचाचं पहिलं लेटर रद्द. फाईलला लाव."

मी म्हणालो, "नाना, पट्टी खराब नव्हती. पट्टीनं बरोबरच दाखवलं."

नानांनी मोबाईल पालथा ठेवला.

"मंग पहिलंच लेटर ऱ्हाऊ देऊ?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. पोहे पाहिजेत का विचारावं तसा होता.

चाचा दाराबाहेर उभे होते, चपला काढून. त्यांनी ऐकलं होतं. मी बाहेर आलो तर त्यांनी माझा दंड धरून मला धबधब्यापर्यंत नेलं.

"कायकु अडते मास्टर? लिखो ना."

"खोटं आहे, चाचा."

"पहिला सच्चा था क्या?" ते म्हणाले. "उस में मेरी नौकरी गयी. इस में पट्टी का क्या जाता? उसके क्या बालबच्चे हैं?"

त्या घराचा, त्या खुर्चीचा, त्या पोह्यांचा मला मनापासून तिटकारा आला होता, पण त्या तिटकाऱ्यावर चाचांचं घर चालणार नव्हतं. आत जाऊन मी लिहिलं: "सदर पट्ट्यांचे कारण सदोष लेव्हल पट्टी हे असल्याचे निदर्शनास आले असून, चालकाचा कोणताही निष्काळजीपणा नव्हता." दुसरं अर्धं वाक्य तरी खरं होतं. नानांनी न वाचता सही केली. जावईबापूंनी पट्टी पुराव्यासारखी माझ्याकडं दिली आणि मी ती फाईलींच्या कपाटात ठेवली. ती आजही तिथं आहे, अगदी बरोबर दाखवते.

चाचांना मी कागद दिला, आणि या वेळी स्वतः उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला. शब्दाशब्दाचा अर्थ सांगत.

"सदोष बोले तो?"

"खराब. निकम्मी."

"निकम्मी पट्टी," चाचांनी मान हलवली. कागदाची चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला. "अच्छा लिखे. पोती पढेगी तो इस बार अटकेगी नै."

मग ते ट्रॅक्टरवर चढले. मला म्हणाले, मागच्या उजव्या चाकाची हवा बघून द्या, तुम्हाला आता येतं ना.

मी उकिडवा बसलो आणि मीटर लावलं.